न आलेल्यांची रेघ

५ जून

ती. आक्कास,
शि. सा. न.

भावोजी फोनवर म्हणाले, गुडघ्यामुळे तू यंदा आमच्या संस्थेच्या स्मरणशक्तीच्या तपासणीला गेली नाहीस. आणि लगेच हेही म्हणाले की तीन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घातलेस! गुडघा मोठा सोयीचा दिसतो.

वय वाढतं तशी स्मृती किती घसरते, त्याची आलेखावरची रेघ आम्ही इथे त्या तपासण्यांवरून काढतोय. दरवर्षी येणाऱ्यांचेच गुण धरले तर रेघ छान सपाट येते. आमचे साहेब खूश आहेत. मला मात्र ती खोटी वाटते. ज्यांचं विसरणं वाढतं तेच यायचे बंद होतात, उरतात ते ठणठणीत. न आलेल्यांच्या घरी तपासणीला माणसं पाठवा म्हणून मी मागे लागलोय. साहेब ढिम्म.

आक्का, खरं सांग, का नाही गेलीस?

तुझ्या रागालोभाचा धनी,
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

खोदून खोदून विचारायची तुझी खोड जायची नाही. गुडघा बरा आहे.

गेल्या खेपेला तिथल्या मुलीने दहा शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारले, तर एकच आठवला. ती गोड हसली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवा शिलाई मशीनपुढे बसले, तर दोरा कुठून ओवायचा तेच सुचेना. जन्मभर पोरींना शिवण शिकवलं रे मी! यांना म्हटलं, मशीन बिघडलंय. यांनी दुरुस्तीवाला आणला. तो म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही. हे माझ्याकडे बघत राहिले.

मी नसले तर तुझी रेघ खोटी पडते ना? मग पाठव कुणाला तरी. साहेबांना सांग, एक बाई दार उघडणार आहे.

माया आहेच, तूही राख.
आक्का

२ ऑगस्ट

ती. आक्कास,
शि. सा. न.

नाव न सांगता तुझं म्हणणं साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पाठवा माणसं.

काहींनी दारं उघडली, काहींनी नाही. उघडणाऱ्यांच्या गुणांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधला आणि सपाट रेघ उताराला लागली. आता तीच छापायला जाईल. माझं म्हणणं खरं ठरलं, सगळ्यांनी पाठ थोपटली. मी घरी येऊन रडलो. त्या उतारावर कुठेतरी तू आहेस.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, भावोजींशी बोललोय. त्यांना सगळं आधीच कळलं होतं गं. तू सांगायची वाट बघत होते.

शनिवारी येतो. विसरलीस तरी हरकत नाही, मी येणार आहेच.

तुझाच,
धाकटा