आक्कांच्या गुळावरची बुरशी

एडिंबरा

आदरणीय आक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. आनंदामुळे झोप तेवढी उडाली आहे.

आपण नेहमीप्रमाणे फडके धुतलेत आणि ते वाळण्यापूर्वीच त्यात गुळाची ढेप बांधून पलूसहून पाठवलीत. वाटेत तिला बुरशी लागली. माझी सहकारी प्रियदर्शनी पाटणची आहे. ती म्हणाली, “आवं सर, टाका की ते! लय वास मारतंय.” मी मात्र ती बुरशी प्रयोगशाळेत वाढवली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तो तिच्या पेशी तेलाच्या थेंबांनी गच्च भरलेल्या! साखर मुबलक आणि नत्र अल्प असले, की काही बुरशी तेल साठवतात. परंतु एवढे तेल मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

माझे संशोधन या महिनाअखेर बंद होणार होते. आता या बुरशीमुळे त्यास दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आहे. म्हणजेच, दिवाळीस कायमचा परतण्याचे आपणांस दिलेले वचन मोडले. आपण रागावाल, हे मी जाणतो.

गुडघा कसा आहे? जिना एकटीने चढू नये.

कृपया आणखी दोन ढेपा पाठवाव्यात. एक ओल्या फडक्यात बांधावी. दुसरी कोरड्या फडक्यात. दुसरी मी खाईन.

आपला धाकटा,
दिनकर