बाळ देवाकडेच बघतो

सदर, नागपूर. ८ नोव्हेंबर १९७३
बाळाला दोन महिने झाले. आजही तेच. डाव्या कुशीत पाजायला घेतलं की दूध सोडून मान फिरवतो, देवघराकडे बघत बसतो. अंथरुणावरही तसाच. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "माया नातू देवाचा हाये. तिकडंच पाहून राहिला." मला मेलीला देवाचाच हेवा वाटतो.

११ नोव्हें.
तेल लावताना मानेत उजवीकडे गाठ लागली. सुपारीएवढी. उद्या धंतोलीला डॉक्टरांकडे.

१२ नोव्हें.
डॉ. म्हणाले, मानेचा स्नायू जन्मापासून आखडलाय, गाठ त्याचीच. "त्याला उजवीकडे वळताच येत नाही, बाई." रडू आलं. आणि बरंही वाटलं. मला टाळत नव्हता तर.
रोज मान हलक्या हातानं ताणायची. मी, दिवा, खुळखुळा सगळं उजवीकडे. डावीकडे बघण्यासारखं काहीच नको. वर्षात सुटली नाही तर स्नायू कापावा लागेल. एवढासा गळा...

१३ नोव्हें.
बाळाचं उसं-पायथं बदललं, म्हणजे देवाची समई उजवीकडे येते. सासूबाईंनी हात धरला. "उत्तरेले डोकं मेल्यावर करतात वं! काहून असं करून राहिली?" परत होता तसा ठेवला.

१७ नोव्हें.
ताणताना किंचाळतो. सा.बाई अंगणात जाऊन उभ्या राहतात. मी उजवीकडे बसून हाका मारते, तो आपला समईकडे. निदान डोळे तरी वळव रे राजा. उठून पलीकडे गेले तर लगेच हसेल, माहीत आहे. जायचं नाही. फार जावंसं वाटतं.

२२ नोव्हें.
सकाळी बघते तर देवघराची भिंत मोकळी! सा.बाईंनी पाट, देव, समई, सगळं समोरच्या भिंतीशी मांडलेलं. "देवाले काय, कुठंबी बसते. लेकराची मान सुटू दे." ह्यांना म्हणाल्या, मला नाही. मी चहात साखर जास्त घातली त्यांच्या.

४ डिसें.
धंतोली. डॉ.नी गाठ चाचपली. जरा मऊ वाटते म्हणाले. "चालू ठेवा. आत्ताच काही सांगता यायचं नाही."
संध्याकाळी समई लावली. मी उजवीकडे. आधी डोळे आले, मग हनुवटी, थरथरत, अर्ध्यापर्यंत. तिथंच अडला. बघत राहिला आणि हसला.
समईला की मला, कोण जाणे. मी मधे बसले होते.