हाक नाही म्हणजे चालतोय

३ नोव्हेंबर
कंपनीनं यंदाही नवे वॉकी-टॉकी दिले नाहीत. साहेब म्हणाले, "पुराने ले लो, बिल लगा दो." जीव आमचा, कंजुषी त्यांची. काम तेच. चोरल गावाच्या पुढं घाटाखाली जंगलाच्या हद्दीचे दगडी मुनारे शोधायचे, रंगवायचे, नकाशावर घ्यायचे. माणसं दोन. मी वर धारेवर नकाशा घेऊन, दिनेश खाली दरीत. मोबाइल तिथं नुसतं घड्याळ.

गेल्या हंगामात दि. नाल्यात पडला. घोटा मोडला, सेटची बॅटरी मेलेली. आमची रीत अशी की मुनारा सापडला की हाक द्यायची, हाक नाही म्हणजे चालतोय. बॅटरी वाचते. मी उन्हं कलेपर्यंत तो चालतोय असं समजून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सापडला, ओठ काळे पडलेले. पाय अजून ओढतो.

४ नोव्हेंबर
जेल रोडच्या मागं जुन्या सेटांचं दुकान. दि. बरोबर.
दुकानदार म्हणाला, "भिया, शादी-ब्याह में गार्ड लोगों ने चलाए हैं, एकदम चकाचक." सगळेच चकाचक! एकाच्या चार्जिंगच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. एकाचं बटण दाबलं की आतच अडकतं. एकाचे बॅटरीचे सगळे दिवे लागलेले, बटण दाबून धरलं तर बघता बघता गार.
शेवटी दोन जोड्या उरल्या. एक जाड, खरवडलेली, लांब अँटेनाची, नुसती वीट. दुसरी हलकी, बुटकी, नव्यासारखी. दि.नं वीट कमरेला लावून चार पावलं टाकली. चालताना जास्तच लंगडला. मी पायाकडे बघत होतो.
दोन्ही जोड्या एका दिवसाच्या बोलीवर आणल्या.

५ नोव्हेंबर
हातोदच्या रस्त्याला चाचणी. मी बांधावर, दि. मोटरसायकलवर पुढं पुढं. दिसेनासा झाला तरी दोन्ही जोड्या खणखणीत.
"दिघेजी, यहाँ एक काका गेहूँ बो रहे हैं, पूछ रहे हैं पुलिस हो क्या!" हसला. फार दिवसांनी.
हलकी ठेवली, वीट परत. पोहे-जलेबी खाल्ली.

६ नोव्हेंबर
दाढी करताना डोक्यात लख्ख पडलं. हातोद म्हणजे पोळपाट. पोळपाटावर कुठलाही सेट बोलेल. दरीत वळण आडवं येतं, त्याचं काय? आम्ही माळव्यातली माणसं, सपाटीवर जे चाललं ते सगळीकडं चाललं असं धरून बसतो. इतकी वर्षं घाटात घालवून मीही तेच केलं. गाढव.
लांब अँटेनाची वीटच परत आणायला तसाच दुकानात पळालो. वीट-जोडी एका खदानवाल्यानं सकाळीच नेली होती. "माल रुकता है क्या, भिया?"
सुनंदा म्हणते, "अहो, इतकी काय जल्दी आहे? दुसरे सेट येऊन जातील, मग जा न." बायकोला कसं सांगू. साहेबांचा फोन झालाय. सोमवारी काम सुरू नाही झालं तर दि.च्या जागी दुसरा माणूस.

१० नोव्हेंबर
पहिल्या वळणापर्यंत आवाज ठीक. मग खरखर. मग तीही नाही. मी धारेवर सेट कानाला लावून वेड्यासारखा फिरत होतो. दुपारी दि. वर आला, घामानं निथळत. म्हणालो, बंद करू, साहेबांशी मी भांडतो.
"मत करो दिघेजी. लंगड़े को दूसरा काम कौन देगा?"
तोडगा निघाला तो असा. दरीत एक काळा खडक आहे, त्याच्यावर चढलं की आवाज येतो. दर मुनाऱ्यानंतर दि.नं खडकावर यायचं, हाक द्यायची, पुन्हा उतरायचं. त्या पायानं. वळणावर उभा करायला तिसरा माणूस मागितला. बजेट नाही.

११ नोव्हेंबर
तीन हाका आल्या. हाक आली की नकाशावर खूण करतो, लगेच पुढचीची वाट. दि.चा घोटा लिंबाएवढा सुजलाय. सुनंदानं दिलेला खजरान्याच्या गणपतीचा लाल दोरा त्यानं अँटेनाला बांधला. "अब इसमें गणपतीजी का टावर लग गया." हसलो दोघंही, पण ते काही खरं नाही.

१३ नोव्हेंबर, धारेवर
सकाळी पहिली हाक नीट आली. दुसरी अर्धीच. "दिघेजी, वो आगे वाला..." एवढंच, मग खरखर.
त्यानंतर काही नाही. सावली माझ्या पायाखालून सरकून पलीकडच्या झाडापर्यंत गेली. रस्त्यावर आम्हाला आणणारी जीप आहे, तिच्या ड्रायव्हरला आजच ताप, गाडीत झोपलाय. घाट चढून तो इथं येणार नाही.
खाली उतरलो तर वळणाआड माझाही सेट मुका. दि. खडकावर चढून हाक देत असेल तर वर ऐकायला कुणी नाही. थांबलो तर गेल्या वर्षीसारखाच थांबलो.
भीती वाटतेय. उघड लिहितो, फार भीती वाटतेय.
हाक नाही म्हणजे चालतोय. ही रीत मीच काढली होती.
बुटाचे बंद बांधून झाले, उतरतोच आता. बटण दाबून पुन्हा विचारतो. दिनेश, बोल रे.