देवनागरीतली सही

शराफिया, जेद्दा
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

दमयंतीताईंना,

कुबरा पारकरचा नमस्कार. कमलाकरभाऊंना आमच्या दोघांचा सलाम सांगा.

पत्र पाहून तुम्हांला नवल वाटेल. हल्ली पत्र कोण लिहितं? पाच-सहा वेळा फोन हातात घेतला होता. पण तुमचा आवाज ऐकला की मी गेल्या वर्षी बोलले तेच पुन्हा बोलेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. दाभोळच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीत शिकले, त्याला आता तीस वर्षं होतील. नंतर सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. अक्षर आणि चुका, दोन्ही सांभाळून घ्या.

इकडे थंडी सरली. रमजानला पंधरा दिवस राहिलेत. आमच्या ह्यांची शुगर वर-खाली होते, तरी रोज बलदला, जुन्या बाजारात, गोदामावर जातात. यांबूची नोकरी सुटल्यापासून मिळालं ते काम करतात. यांबूत असताना कमलाकरभाऊ इंजिनिअर आणि हे स्टोअरला. पण भाऊंनी ह्यांना कधी खालचा माणूस म्हणून वागवलं नाही, ही गोष्ट हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. म्हणूनच इथं समुद्रशास्त्र शिकायला येणाऱ्या तुमच्या तन्वीला हॉस्टेल मिळत नाही म्हणून भाऊंचा फोन आला, तेव्हा ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. "खोली रिकामीच आहे," म्हणाले.

खोली रिकामीच होती. आम्हांला मूलबाळ नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे.

तन्वीला जाऊन येत्या बावीस तारखेला वर्ष होईल. खोली परत रिकामी आहे. लोक म्हणतात, भाड्यानं द्या. नोव्हेंबरमध्ये ह्यांनी एक मल्याळी नर्स आणली होती. चांगली पोर होती. बाराव्या दिवशी बॅग भरून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "आंटी, बुरा मत मानना. शाम को कोई दरवाजा खटखटाता है. खोलो तो कोई नहीं."

तन्वीकडे किल्ली होती, तरी ती दार ठोठावायची. दोनदा, बोटाच्या पेरानं. मी म्हणायचे, "किल्ली कशाला दिलीय मग?" तर म्हणायची, "घरात कुणी आहे हे कळायला बरं वाटतं, खाला." आणि चपला काढता काढता, "खाला, भूक!" संध्याकाळी सहाला.

अजून सहाला मी हातातलं काम टाकून दाराशी जाते. हे टीव्ही मोठा करतात. त्यांनाही ऐकू येतं, पण ते कबूल करत नाहीत. मी दार उघडते, जिना बघते, लावून घेते. एकदाही न उघडता राहिले नाही.

भात अजून तिघांचा टाकते. चूक लक्षात येते तेव्हा पाणी आटत आलेलं असतं.

ताई, हे सगळं सांगायला पत्र लिहिलेलं नाही. गेल्या शुक्रवारी शर्मिलाचा फोन आला होता, तन्वीची मैत्रीण. ती अधूनमधून माझी चौकशी करते. मी विचारलं, ताई कशा आहेत? ती म्हणाली, "काकूंनी तन्वीचा फोटो अजून लावलेला नाही. कुणी नाव काढलं तर उठून जातात. म्हणतात, जाता जाता मला फसवून गेली. खोटी सही करून गेली."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

युनिव्हर्सिटीनं पाठवलेल्या कागदांत तो फॉर्म होता. समुद्रात उतरायच्या परवानगीचा. खाली गार्डियनची सही, देवनागरीत. तुम्ही तेव्हा फोनवर विचारलंत, "हारूनभाई, ही सही कुणाची? जेद्दात मराठीत सही कोण करतं?" हे म्हणाले, "आम्हांला काही ठाऊक नाही, वहिनी." फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसले होते. तुम्ही म्हणालात, "मग माझ्या पोरीनंच केली." आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

ती सही माझी आहे, ताई.

मला इंग्रजीत सही येत नाही. बँकेतसुद्धा मी अशीच करते, कुबरा हा. पारकर, पण अक्षरं एकात एक गुंतलेली, नाव वाचता येत नाही अशी. फॉर्म घेणाऱ्या बाईला ती लिपी कळली नसेल, तिनं शिक्का मारून टाकला.

तन्वीनं मला सगळं सांगितलं होतं. तुमचे धाकटे भाऊ गंगापूर धरणात बुडून गेले तेही. तिनं तुम्हांला शब्द दिला होता की लॅबमध्ये शिकेन, बोटीवर बसेन, पण पाण्यात उतरणार नाही. हे माहीत असून मी सही केली. तिनं हट्ट केला, मी विरघळले.

आत्ता एवढंच लिहवतं. हे यायची वेळ झाली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

परवा लिहिलं ते वाचून पाहिलं. शेवटची ओळ खोटी आहे. कागद फाडणार होते, पण राहू दे. मी कशी आहे ते तुम्हांला त्यातून कळेल.

तन्वीनं हट्ट केला नव्हता.

ती फॉर्म घेऊन आली खरी. जेवताना म्हणाली, "वर्गातले सगळे उतरणार. मी एकटीच बोटीवर बसून त्यांचे टॉवेल सांभाळणार." मी म्हटलं, "आईला विचार." ती म्हणाली, "आई नाहीच म्हणेल." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "जाऊ दे, खाला. शब्द दिलाय तिला." फॉर्म घडी करून पुस्तकात ठेवला आणि भांडी घासायला उठली. विषय संपला होता. खलास.

मला तो संपू द्यायचा नव्हता.

मी खाडीवर वाढलेली. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत भावांबरोबर पोहायचे, मग आईनं बंद केलं. इथं सव्वीस वर्षं समुद्र शेजारी आहे, पण बुरख्यातून घोट्यापर्यंत पाणी, त्यापलीकडे नाही. या पोरीनं तरी जावं असं वाटलं. हे एक कारण. चांगलं दिसणारं कारण आहे, म्हणून आधी लिहिलं.

दुसरं सांगते. ती रोज तुमच्याशी फोनवर बोलायची. अर्धा-अर्धा तास. पलंगावर पालथी पडून, पाय हलवत. मी दारातून ये-जा करायचे. माझ्याशीही गोड बोलायची, पण तुमच्याशी बोलताना तिचा आवाज वेगळाच व्हायचा. मला वाटायचं, हिला एक तरी गोष्ट अशी द्यावी जी हिची आई देत नाही. जी फक्त माझी आणि तिची असेल.

दोन दिवसांनी मीच तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "आण तो कागद."

ती म्हणाली, "नको, खाला. आईला कळलं तर?"

मी म्हटलं, "कशाला कळेल? नाशकात तुझी आई, इथली मी."

ती हसली आणि गळ्यात पडली. ताई, सव्वीस वर्षांच्या संसारात असं माझ्या गळ्यात कुणी पडलं नव्हतं. मी सही केली तेव्हा मला आनंद झाला होता.

ती वर्गाबरोबर समुद्रावर गेली त्या गुरुवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. उत्तरेचा वारा सुटला होता, चादर चिमट्यातून निसटून पलीकडच्या भिंतीवर गेली. असा वारा असला की आमच्याकडे कुणी होडी काढत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. वाटलं, फोन करावा. मग वाटलं, शिकवणारे आहेत, त्यांना कळत नाही का? आणि मी फोन केला तर ती म्हणेल, तुम्हीपण आईसारख्याच. म्हणून नाही केला.

पावणेचारला तुमचा फोन आला. तुमच्याकडे दिवेलागणीची वेळ. तुम्ही म्हणालात, "तन्वी फोन उचलत नाही. उगाच जीव घाबरा झालाय." मी म्हटलं, "लायब्ररीत असेल हो, परीक्षा आहे ना. काळजी करू नका." तुम्ही "बरं" म्हणालात, आणि मला तुमचा आवाज हलका झालेला ऐकू आला.

ती तीनला पाण्यात उतरली होती. दोन मुली ओढीनं लांब गेल्या, एक सापडली. तन्वीला साडेचारला बाहेर काढलं. तुम्ही फोन केलात तेव्हा ती कुठे होती, जिवंत होती की नव्हती, हे मी वर्षभर मोजते आहे. तुम्हांला काहीतरी कळलं होतं, ताई. मी ते खोटं पाडलं.

हॉस्पिटलच्या बाकावर मी ह्यांना सहीचं सांगितलं. ते म्हणाले, "तोंड उघडू नकोस. पोलिस येतील, कफीलपर्यंत, मालकापर्यंत जाईल, इकामा जाईल, इथं राहायचा परवानाच." नऊ दिवस कागदांसाठी ते एकटे या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले, तिला तुमच्याकडे पाठवेपर्यंत धड जेवले नाहीत. त्यांच्यावर राग धरू नका. ते माझ्यासाठी खोटं बोलले.

काल जुम्म्याच्या नमाजाहून आल्यावर त्यांना म्हटलं, मी दमयंतीताईंना लिहितेय. ते ताटावरून उठले. "वर्ष झालं, सगळं मिटलं. आता कशाला?"

मी म्हटलं, "तिकडे मिटलेलं नाही. आई आपल्या मेलेल्या पोरीवर रागावून बसलीय. आपल्यामुळे."

ते गॅलरीत गेले. आत आले आणि म्हणाले, "माझंही लिही. फोनवर खोटं मी बोललो. कमलाकरसाहेबांना सांग, हारूननं त्यांचं मीठ..." मी लिहिते आहे ते त्यांनी सांगितलं तेवढंच.

उद्या आम्ही दोघं युनिव्हर्सिटीत जाऊन लेखी देणार आहोत की सही माझी होती. त्याची एक प्रत तुम्हांला येईल. पुढे जे होईल ते होईल. परत जायची वेळ आली तर दाभोळचं घर आहे.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. तुम्ही हे पत्र फाडा, भाऊंना दाखवा, पोलिसांत द्या. तुमचा हक्क आहे. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. बघेन.

फक्त पोरीवर रागावू नका. तिनं तुम्हांला फसवलं नाही. तिनं शब्द पाळला होता, फॉर्म घडी करून ठेवून दिला होता. तो उघडायला मी लावला.

तुमच्या मुलीला पाण्यात पाठवणारी,
कुबरा हारून पारकर