डाव्या बैठकीची वाटणी

मौजे आंबेझरी, जिल्हा चांदा येथे राहणारी मी भागीरथाबाई, कै. गुणवंतराव बोरकुटे यांची पत्नी, वय अंदाजे सत्तावन्न, धंदा शेती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चष्मा लावला की मला नीट दिसते, ऐकूही नीट येते, आणि मी काय लिहिते आहे याची मला पुरती जाण आहे. अशा कागदात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे घालण्याची रीत आहे. माझ्यावर दडपण आहे. पण ते उद्या सकाळी मी काय करणार आहे त्याचे आहे, या कागदात काय लिहावे त्याचे नाही. तेवढ्यापुरते ते शब्द इथे खरे धरावेत.

कलम एक. राहते घर आणि मागची वाडी यांतला माझा हिस्सा माझा एकुलता मुलगा शालिकराम याला मिळावा. घरावरून आमच्यात कधी तंटा झाला नाही. तंटा झाला तो मोटारींवरूनच.

कलम दोन. माहेराकडून मला धानशेतीच्या दोन बांध्या आल्या होत्या. त्यांतली तळ्याखालची अजून माझ्या नावावर आहे, ती माझी सून गिरजा हिला द्यावी. दुसरी मी विकली. का विकली ते लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

इंग्रज गेले त्या साली बल्लारपूरच्या खाणीवरचा एक गोरा इंजिनियर मायदेशी परत जाताना आमच्या यजमानांनी त्याची मोटार घेतली. लाल रंगाची, उघड्या टपाची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी. बैठका दोनच. चालवणारा उजवीकडे, दुसरा डावीकडे, बस. चांद्याच्या डांबरी रस्त्यावर ती वाऱ्यासारखी जायची. पण मूल गावापासून आमच्या गावापर्यंत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि मधल्या उंचवट्यावर ती घासत यायची. पावसाळाभर ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली असायची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि यजमान स्वतः तिला पुसायचे. आमची मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली तेव्हा त्यांनी आणखी बरेच काही जाऊ दिले, मोटार जाऊ दिली नाही.

मी म्हणत असे, ही राहू द्या, पण जोडीला एखादी स्वस्तातली घ्या. नाल्यातून जाईल, चार माणसे बसतील, आजारी माणूस निजवता येईल अशी. ते म्हणत, “एका दारात दोन मोटारी कायले? दुसरी आनली म्हंजे हिच्यात काही उनं आहे असं होते.” पाच पावसाळे हाच वाद चालला. शेवटी मी बांधी विकली आणि कामठीला पलटणीच्या जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथून एक जीप आणवली. सुकाणू डावीकडे असल्यामुळे यजमान तिला उलटी गाडी म्हणत. ते तिच्यात कधी बसले नाहीत. गाव मात्र बसले. साप चावलेले, अडलेल्या बाया, वरोऱ्याच्या बाजाराला जाणारे कापसाचे बोचके, सगळे तिच्यातून गेले.

कलम तीन. ही जीप माझ्या एकटीच्या पैशाची आहे. ती गिरजेला द्यावी. तिच्या सहीशिवाय कोणी ती विकू नये, गहाण ठेवू नये, किंवा तिचा कोणताही भाग काढून नेऊ नये. शेवटचे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण पुढे येते. जीपची हत्यारपेटी, पाने, जॅक आणि सुटे चाक लटारूला द्यावे. लटारू आमचा ड्रायव्हर. पहिल्या दिवसापासून तोच ती चालवतो.

कलम चार. यजमानांचे चुलतभाऊ देवाजी यांना काहीही देऊ नये. जीप आली त्या दिवशी ते ओसरीवर बसून म्हणाले होते, “बाईनं भंगार आनलं.” यजमान गेले तेव्हा तेराव्याला सगळ्यांदेखत म्हणाले, दुसरी गाडी दारात आली तेव्हाच या घराची दृष्ट लागली. मधल्या काळात देवाजी स्वतः आतडे उतरून तडफडत होते तेव्हा त्याच भंगारातून मूलच्या दवाखान्यात गेले, हे त्यांनी तेराव्याला सांगितले नाही. तरी पुढे त्यांना दुखणे आले तर लटारूने त्यांना घेऊन जावे. आत बसल्यावर त्यांनी बोलू नये.

कलम पाच. यजमानांच्या मृत्यूबद्दल गावात जे बोलतात त्याऐवजी जे झाले ते असे.

गेल्या सालच्या शिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दोन्ही मोटारी वैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर ठेवल्या आणि नावेने पार होऊन दर्शन घेतले. परतताना यजमान शालिकरामला म्हणाले, “आज तू चालव, मी बसतो.” त्या रस्त्यावर तो पहिल्यांदाच ती चालवत होता. ते डावीकडे बसले. मागून जीपमध्ये मी, गिरजा आणि लटारू. त्यांची धूळ थोडा वेळ दिसली, मग दिसेना.

झरीच्या वळणावर रस्ता एकदम नाल्याकडे उतरतो आणि काठावर ऐनाचे मोठे झाड आहे. आम्ही पोचलो तेव्हा मोटार झाडाला डावी कूस लावून उभी होती. शालिकराम रस्त्यावर होता, अंगावर ओरखडाही नाही. तो सदऱ्याच्या टोकाने पुढच्या दिव्याची काच पुसत होता. मी विचारले, “तुझे बाबा कुठी?” त्याने पुसणे थांबवले नाही. यजमान खाली नाल्यात सापडले. लटारूने आणि मी त्यांना जीपमध्ये निजवले. त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. मूल गाव यायच्या आधीच सगळे संपले. जीपमध्ये ते तेवढेच एकदा बसले.

मी माझ्या मुलावर कसलाही आरोप करत नाही. वळणावर कोणाचाही हात चुकतो. या कलमाच्या आधाराने कोणी त्याला पोलिसात ओढू नये.

कलम सहा. त्यानंतर शालिकरामने नागपूरहून मिस्त्री आणून मोटार नीट करवली. लाल होती ती हिरवी करवली. डाव्या बैठकीला नवे कातडे चढवले. मग तो माणसे शोधू लागला. लटारूला म्हणाला, बस, वळणापर्यंत जाऊन येऊ. लटारूने हात जोडले. देवाजींना म्हणाला, तेही उठून गेले. सगळे गाव त्या बैठकीला टाळू लागले. तेव्हा त्याने त्या बैठकीवर धानाचे भरलेले पोते बांधले, पोत्याला यजमानांचा शेला गुंडाळला, आणि ते शेजारी घेऊन तो वळणावर जाऊ लागला. मी अंगणातून पाहत असे. हिरव्या मोटारीत दोघे चालल्यासारखे दिसे.

होळीनंतर एके दिवशी तो एकटा परत आला. पोते नव्हते. तो जेवला आणि निजला. लटारूने दुसऱ्या दिवशी ते नाल्यात पाहिले. फुटले होते, धान पाण्यात पडून कुजत होते. शेला त्याने धुऊन मला आणून दिला. तो माझ्या पेटीत आहे. तो माझ्याबरोबर जाळावा.

मग शालिकराम गिरजेच्या मागे लागला. तिला सातवा महिना चालला आहे. मागच्या खेपेचे मूल राहिले नाही, म्हणून या वेळी तिला वेळीच वरोऱ्याला माहेरी पोचवायचे असे आमचे ठरले होते. नाले भरले की आंबेझरीतून बाहेर पडता येत नाही. तो तिला म्हणे, मीच नेतो माझ्या मोटारीत, माझ्या शेजारी बस. तिने नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी जीप सुरू होईना. लटारूने झाकण उघडून पाहिले आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “बाई, मशीनमंधला एक बारका तुकडा कोनं तरी काढून नेला.”

कोणी नेला हे विचारायची गरज नव्हती. घरात चालणारी मोटार आता एकच होती.

आज दुपारी मी शालिकरामला समोर बसवले. आमचे बोलणे इथे लिहून ठेवते, कारण मागाहून कोणी म्हणू नये की मला फसवून नेले.

मी म्हणाले, “तुकडा दे.”

तो म्हणाला, “एका घरात दोन मोटारी कायले, माय? बाबाही हेच म्हनत होते. ते भंगार मी इकून टाकतो.”

“काऊन करून राह्यला तू असं?”

तो म्हणाला, “मोटार चांगली आहे. माह्या हाताचाही दोष नाई. एकदा कोनी शेजारी बसून त्या वळनावरून सुखरूप वापस आलं की झालं. मंग मले झोप येईन. सव्वा साल झालं, मले झोप नाई.”

“गिरजेले सोड. मी बसीन.”

त्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी जत्रेत हरवून मग सापडला होता, तेव्हा जसे पाहिले होते तसे. म्हणाला, “तू बसशीन? खरंच?”

“मूलपर्यंत आणि वापस. पण तुकडा आत्ता दे.”

त्याने खिशातून काढून दिला. तो खिशातच होता, गरम झालेला. लटारूने बसवला आणि जीप सुरू झाली. हे लिहीत असताना शालिकराम अंगणात डाव्या बैठकीला तेल लावून चोळत आहे. तो गुणगुणत आहे. त्याचा आवाज मी फार दिवसांनी ऐकते आहे, आणि तो ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

गिरजेने माझे पाय धरले. म्हणाली, “आत्याबाई, जाऊ नका. आपन दोघी जीपनं वरोऱ्याले निघून जाऊ.” मी तिला सांगितले, तो मागे येईल. आणि तो आला नाही, तरी त्या वळणावर तो एकटा जात राहील. तो माझा मुलगा आहे. कोणीतरी त्याच्या शेजारी एकदा बसले पाहिजे.

कलम सात. हिरव्या मोटारीबद्दल. नव्या वारसा कायद्याप्रमाणे यजमानांच्या मालमत्तेत मुलाइतकाच माझाही हिस्सा आहे, असे चांद्याच्या वकिलांनी मला सांगितले. म्हणजे ती मोटार अर्धी माझी आहे. कोणती अर्धी हे कायदा सांगत नाही, म्हणून मी सांगते. डावी. माझ्या माघारी डावी बैठक पान्याने सोडवून बाहेर काढावी आणि जाळावी. तिच्या जागी दुसरी बसवू नये, पोतेही ठेवू नये. उजवी अर्धी शालिकरामची आहे. ती त्याने ठेवावी किंवा विकावी. माझ्या नातवंडाला त्या मोटारीत कोणी कधी बसवू नये, ती उभी असतानासुद्धा.

कलम आठ. यजमानांची बंदूक परवान्यासह ठाण्यात जमा करावी. ती उद्या आम्ही निघाल्याबरोबर जमा करावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये; शालिकराम एकटा परतला तर ती घरात नको.

कलम नऊ. उद्याची व्यवस्था. मी आणि शालिकराम सकाळी निघू. आम्ही गावाबाहेर पडलो की लटारूने गिरजेला घेऊन वरोऱ्याला निघावे. दुसरा रस्ता नाही, तिलाही त्याच वळणावरून जावे लागेल. तिला मागे निजवून वर पासोडी घालावी. लटारूने वळणावर गाडी थांबवू नये. तिथे काहीही दिसले, कोणीही हाक मारली, तरी थांबू नये. ती हाक माझी असली तरी नाही.

हे मी लटारूला वाचून दाखवले. तो म्हणाला, “बाई, हे माह्यानं होनार नाई.” मी म्हणाले, तू थांबलास तर गिरजा खाली उतरेल. तो रडला. मग त्याने मान हलवली.

हा कागद दादाजी मास्तरांकडे ठेवावा.

ठिकाण आंबेझरी. लिहिले दिनांक ६ जून १९५८, सही केली दिनांक ७ जून १९५८, सकाळी.

(सही) भागीरथाबाई गुणवंतराव बोरकुटे

वरील सही बाईंनी आम्हा दोघांसमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. आम्ही त्यांना जाऊ नका म्हणालो, ते त्यांनी ऐकून घेतले. सही होईपर्यंत अंगणात दोन्ही मोटारी सुरू करून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या शेवटी काय म्हणाल्या ते आम्हाला नीट ऐकू आले नाही.

साक्षीदार
१. दादाजी सखाराम निकुरे, निवृत्त शाळामास्तर, आंबेझरी (सही)
२. वारलू बाजीराव मडावी, शेतकरी, आंबेझरी (डाव्या अंगठ्याची निशाणी)