आधी देऊळ, मग दवाखाना

३ फेब्रुवारी १९८१
अन् वर नानासाहेब मलाच म्हणतात, "नीट आठव!" मोठ्या माणसाला आठव म्हणायला काय जातं? वच्छला माझी बहीण. मेली माझ्या मांडीवर. अन् आठवायचं मीच!

नानासाहेब रविवारच्या पुरवणीत विज्ञानाचं सदर लिहितात. मी त्याच पेपरच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवतो. त्यांचं म्हणणं – नुसतं विष, रक्त, आकडे लिहिले की लोक पान उलटतात. गोष्टीवाणी लिहावं. माणूस पाहिजे, त्याची चूक पाहिजे, जीव टांगणीला पाहिजे. मग शास्त्र आपोआप गळ्याखाली उतरतं. उतरलं! आमच्या वच्छलासकट.

छापलं काय – घोणस चावली, मायनं पोरीला आधी मारुतीच्या देवळात बसवलं, अर्धा दिवस घालवला, मग दवाखाना. खरं काय – आधी दवाखानाच! मी पाठीवर घेऊन पळालो, माय पुढं अनवाणी. तिथं इंजेक्शनच नाय. "तालुक्याला न्या." कशात न्यायची? मग देऊळ. दुसरं होतंच काय!

५ फेब्रुवारी
बन्सी माझ्या शेजारीच खिळे जुळवतो. म्हणतो, "लई मोठा झाला राव, तुझी माय पेपरात!" मग हळूच – "जुळवलं तर तूच ना? तवाच ओळ गाळायची."
मजकुराला हात लावला की नोकरी जाते. हे त्यालाबी माहीत.

८ फेब्रुवारी, रविवार
गावाकडून सूर्यभानकाका आले. दोन एसट्या बदलून. पिशोरच्या बाजारात मास्तरानं लेख मोठ्यानं वाचला म्हणे. "बाया तुझ्या मायला बघून तोंड फिरवत्यात. पोरगी हातानं मारली म्हणत्यात." चहा तसाच ठेवला त्यांनी. "तू त्याच पेपरात हैस ना रं? चुकलं म्हणून छापाय सांग की!"

१० फेब्रुवारी
बोललो नानासाहेबांना. ते उलट म्हणाले – "विषाची माहिती चुकली का? लवकर इंजेक्शन पाहिजे, हे चुकलं का? हे वाचून चार माणसं देवळाऐवजी दवाखान्यात जातील."
जातील! अन् तिथं औषध नसलं तर? ते कुणाच्या गोष्टीत येणार?
मग म्हणाले, "दुरुस्ती छापतो. लिहून दे, तुझ्या सहीनं. सगळं."

१४ फेब्रुवारी
नाय लिहिलं.

१७ फेब्रुवारी
काकांचं कार्ड. मायचा निरोप – "पेपरात छापलंय म्हणजे तसंच झालं असंल. माझंच ध्यान नसंल तवा. आधी देवळातच नेलं असंल मी."
दोनदा वाचलं.

१८ फेब्रुवारी
इथं तरी खरं लिहावं. नानासाहेबांनी काहीच बदललं नाय. लेखासाठी विचारलं तवा पहिल्यांदा मी जसं झालं तसंच सांगितलं, तर त्यांनी पेनचं टोपणसुद्धा काढलं नाय. "औषध नव्हतं, हे नेहमीचंच रे." मग मीच देऊळ दवाखान्याच्या आधी घेतलं. ते लिहायला लागले. मला बरं वाटलं!

दुरुस्तीचा कागद कोराच. मायला मनीऑर्डर – चाळीस रुपये.