गिअरचा आखूड दांडा आणि माझी इतर मालमत्ता

गाडीच्या गिअरचा दांडा किती कापला म्हणजे हाताला बरोबर येतो आणि किती कापला म्हणजे बिघडतो, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिली, आणि असा एक दांडा मी स्वतः कापलेला आहे. तरीही येत नाही. एवढी कबुली देऊन पुढचा मजकूर लिहिते.

मी, सरिता हिरामण गावित, वय २६ वर्षे, नोकरी प्रयोगशाळा सहायक, राहणार पेठ रोड, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. येत्या रविवारी मी मोटर रॅलीत गाडी चालवणार आहे. तिच्या फॉर्मवर ‘मृत्यू झाल्यास कोणास कळवावे’ असा रकाना आहे. तिथे आईचे नाव लिहिले आणि वाटले, कोणती वस्तू कोणाची हेही लिहून ठेवलेले बरे. आई म्हणाली, “जित्या माणसानं असलं लिहू नाय, सरू.” मी म्हटले, मेलेल्याला लिहिता येत नाही. त्यावर ती हसली, म्हणजे तिची हरकत नाही असे मी धरते.

१. राहत्या दोन खोल्या आई तानुबाई हिच्या नावावर आहेत. माझ्या नसल्याने त्या मला कोणाला देता येत नाहीत. त्या माझ्या वडिलांनी बांधल्या. ते पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवत आणि १९९७ साली वारले. त्यांचे ड्रायव्हिंग लायसन माझ्या कपाटात आहे, ते आईला द्यावे. तिने कधी मागितले नाही, पण मी कपाट उघडले की ती तिकडे बघते.

२. पोस्टातली बचत आईची. ती कोणाच्या लग्नात किंवा दहाव्या-बाराव्याला खर्च करू नये, माझ्यासुद्धा. पुस्तके पेठ गावच्या आश्रमशाळेला, जिथे मी सातवीपर्यंत शिकले. समासात मी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत, त्यातल्या काही चुकीच्या असल्या तरी.

३. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी माझ्या नावावर आहे. पॅकहाउसच्या शेठने ती मुलासाठी घेतली होती. मुलगा परदेशी गेला आणि गाडी क्रेटच्या ढिगाआड चार वर्षे पडून राहिली. शेठने ती मला भंगाराच्या भावात दिली. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजचे मालक खाजाचाचा आणि मी, आम्ही दोघांनी ती उभी केली. चाचा वडिलांचा टेम्पो दुरुस्त करायचे, तेव्हापासूनचे ते घरचे. ही गाडी माझा धाकटा भाऊ सुनील याला मिळावी. अट एकच: त्याने ती विकायची ठरवली, तर आधी एकदा पेठपर्यंत चालवून यावी. त्यानंतरही विकावीशी वाटली तर माझी ना नाही.

४. माझे पाने, पंचचा संच आणि लोखंड कापायची हॅक्सॉ खाजाचाचांना देण्याचा विचार होता. ते म्हणाले, “माझ्याच गॅरेजातून नेलेली हत्यारं मला देतेस? लय दानशूर!” शिवाय ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाईंनी सांगितले, आणि चाचांना सही करायची आहे. म्हणून हत्यारेही सुनीलला.

५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यासाठीच मी लिहायला बसले.

माझी उंची चार फूट अकरा इंच. क्लच पायाखाली यावा म्हणून सीट पूर्ण पुढे घ्यावी लागते. मग दुसरा किंवा चौथा गिअर टाकताना तो लांब दांडा इतका मागे यायचा की माझे कोपर सीटच्या पाठीवर आपटायचे. दांडा आखूड करायचे ठरले. मी वरून कापायला निघाले, तेव्हा चाचा ओरडले, “वरून नको! वरचे आटे गेले तर नॉब काय फेविकॉलनं लावशील? मधला तुकडा काढ, मी टोकं जोडून देतो.” त्यांनी दांड्यावर पंच ठोकून दोन ठिपके पाडले आणि म्हणाले, “या दोघांच्या मधलं तेवढं. बाहेर जायचं नाय.”

तो शुक्रवार होता. चाचा नमाजला गेले. मी वहीत तरफेचे गणित मांडले होते. दांडा आखूड झाला की हाताची हालचाल कमी, जोर थोडा जास्त. जोर लावायची माझी तयारी होती. मी खालच्या ठिपक्याच्या अर्धा इंच पलीकडे कापले. गणित बरोबर होते. पण दांडा इतका आखूड झाला की गिअरच्या जागा एकमेकींना चिकटल्यासारख्या झाल्या, आणि हाताला ते कळत नव्हते. चाचांनी परत आल्यावर काही न बोलता टोके जोडली.

पुढच्या रविवारी पेठच्या वाटेवरच्या सावळघाटात तिसऱ्यावरून चौथा टाकताना दुसरा पडला. इंजिन किंचाळले, मागची चाके अडकली, गाडी फिरून चरात गेली. शेजारी सुनील होता. त्याच्या कपाळाला तीन टाके पडले.

संध्याकाळी चाचा घरी आले. आई दारातच उभी राहिली. “खाजाभाई, तुमच्या भरवशावर पोरं सोडली होती मी.”

चाचा म्हणाले, “चुकलं, भाभी. माप माझं चुकलं.”

मी आत चहाचा कप धरून उभी होते. बोलले नाही. आई गाडी विकायला लावेल याची भीती होती. आणि एवढी शिकलेली मी, मलाच मोजता आले नाही, हे कोणाला कळू नये असेही वाटत होते. चाचांनी आठवड्याभरात अर्ध्या इंचाचा तुकडा घालून दांडा नीट केला. आज तो माझ्या हाताला अगदी बरोबर आहे. पण आईच्या हातची नागलीची भाकरी गॅरेजात जायची, ती त्या दिवसापासून बंद झाली. याला आता दोन वर्षे झाली.

तरी मी लिहून ठेवते की खाजाचाचांचे माप बरोबर होते. चूक माझी होती. उद्या मला काही झाले, तर त्यांच्या कामाला कोणी बोल लावू नये.

६. माझे मामा केरू यांनी पेठ नाक्यापासून रामकुंडापर्यंत सगळ्यांना सांगितले की खाजाकडे गाडी टाकू नका, हात थरथरतो त्याचा. मामांना मी काहीही देत नाही. मात्र माझ्या पश्चात कलम ५ त्यांनी गॅरेजसमोर उभे राहून मोठ्याने वाचावे.

७. हा मजकूर मी परवा पक्का लिहायला घेतला आणि कलम ६ पाशी थांबले. मेल्यावर खरे बोलायचे आणि त्यासाठी माणूस नेमायचा, हे मला पटले नाही. म्हणून काल दुपारी सुट्टी टाकून आई आणि सुनील यांना गॅरेजवर नेले आणि कलम ५ मीच वाचले.

आई चाचांना म्हणाली, “तुम्हाला ठाव होतं?”

“ठिपका कुठं आणि करवत कुठं, डोळ्याला दिसतं ना, भाभी.”

“मंग बोलला का नाय?”

“बोललो असतो तर गाडी गेली असती. मग ही पोरगी भांडायला कुणाकडं आली असती?”

सुनील म्हणाला, “टाके मला पडले, माफी मागा कुणीतरी.” मी मागितली. आईने चाचांची मागितली, उभ्या उभ्या, डोक्यावरचा पदर सावरत. केरूमामांना आईने रात्री स्वतः फोन केला. काय बोलली ते लिहीत नाही.

तेव्हा कलम ६ रद्द. कलम ५ माझ्या हयातीतच अमलात आले आहे.

स्थळ: नाशिक
दिनांक: ८ डिसेंबर २००४

लिहून देणार: सरिता हिरामण गावित (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. खाजा इब्राहिम शेख, गॅरेज मालक, द्वारका (सही)
२. मंगलाबाई गोरक्ष जाधव, शेजारी, पेठ रोड (सही)